पंगतीत वाढायचं होतं

कृष्णाबाईच्या, म्हणजे आमच्या कृष्णा नदीच्या, उत्सवात मी तीस-पस्तीस वर्षं आमटी वाढली. वाईत माघ लागला की आळीआळीने, घाटाघाटाने हा उत्सव होतो, आणि आमच्या आळीच्या प्रसादाच्या दिवशी घाटावर पंगती बसतात. पहिल्या पंगतीला आमटीची बादली माझ्याकडे, हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे. २०२४ साली मी घाटावर पोचलो तेव्हा बादली दुसऱ्याच्या हातात होती. आळीतल्याच एका मुलाने माझा दुखरा गुडघा पाहून अगदी मायेने प्लास्टिकची खुर्ची आणून भिंतीला लावली. म्हणाला, "काका, तुम्ही इथं टेका. तुमचं पान मी इथंच आणून देतो."

मी टेकलो. ताट मांडीवर घेऊन जेवलो. समोर माझ्याच वयाची दोन माणसं पंगतीत मांडी घालून बसली होती. मुलाचं काहीच चुकलं नव्हतं, त्याने पाहिलं तेच केलं. पण आमटीची बादली घेऊन तो पोरगा ओळीतून सरासरा पुढे गेला तेव्हा माझ्या घशातून घास उतरेना.

हे सगळं लिहायचं कारण असं की गुडघेदुखीवर काय करावं, हे आता ज्याला त्याला माहीत आहे. चाला, व्यायाम करा, वजन उतरवा. मलाही चार वर्षं माहीत होतं. माहीत असून मी काही केलं नाही, आणि मग एकदम करायला लागलो. मधे नेमकं काय झालं, ते सांगावंसं वाटतं. माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि त्यांना आळशी म्हणून सोडून दिलं जातं याचं मला फार वाईट वाटतं.

मी पोस्टमन होतो. १९८२ ला लागलो, २०१८ ला साठाव्या वर्षी निवृत्त झालो. लांबच्या बटवड्याला सायकल, पण गणपती आळी, मधली आळी, रामडोह आळी हा भाग पायीच करायचा. वाड्यांच्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, पुढचं दार. चालणं हे माझं काम होतं आणि ओळखही तीच. त्यामुळे निवृत्तीनंतर दोन वर्षांत उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी एक हिशेब मनाशी पक्का केला: छत्तीस वर्षं चाललो, चपलांचे तळ झिजले तसे गुडघेही झिजले. आता जे उरलंय ते पुरवून वापरायचं.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहून तोच शब्द वापरला. "झीज झालीय. ग्रेड तीन. आतल्या बाजूची फट बघा किती कमी झालीय." जिना टाळा, खाली बसू नका, उकिडवे बसू नका, आणि पुढेमागे सांधा बदलावा लागेल. शेवटी दारातून बाहेर पडता पडता म्हणाले, "आणि जरा चालत जा रोज."

आता तुम्हीच सांगा, झिजलेली वस्तू वापरू नये, एवढं कुणालाही कळतं. एकाच श्वासात "झिजलंय" आणि "चाला" असं सांगितलं तर माणूस पहिल्यावर विश्वास ठेवतो, कारण दुखतंयच. मी जिना टाळला. बाजार टाळला. घरातल्या घरात पाणीसुद्धा हिला मागायला लागलो. निर्गुंडीचं तेल झालं, गुडघ्याचा पट्टा झाला, टीव्हीवर दाखवतात तो चुंबकाचा पट्टाही पुण्याहून मागवला. वजन ८२ किलोवर गेलं. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं गुडघा आखडलेला असायचा, मग सुटायचा. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागायचा.

आणि एक गोष्ट मी कुणाला बोललो नव्हतो. मला माझ्या जुन्या बिटातून, म्हणजे बटवड्याच्या आळ्यांतून, जायला नको वाटायचं. ज्या ओट्यांवरची माणसं मला तीन तीन पिढ्या ओळखतात, त्यांच्यासमोरून मी लंगडत जायचं? "काय पोस्टमन, काय झालं हो पायाला?" या एका प्रश्नाच्या धास्तीने मी गणपतीलासुद्धा रिक्षाने जायला लागलो होतो. घरापासून ढोल्या गणपती असा किती लांब? पण रिक्षा थेट देवळापाशी जाते आणि वाटेत कुणी भेटत नाही.

मुलगा पुण्यात असतो. तो फोनवर म्हणायचा, "बाबा, चालला नाहीत तर ऑपरेशन करावं लागेल." ही म्हणायची, "उद्या माझ्याच्याने तुमचं उठबस होणार नाही." दोघांचंही खरं होतं. पण भीतीने माणूस एखादा दिवस चालतो. दुसऱ्या दिवशी गुडघा ठणकला की तीच भीती त्याला पुन्हा खुर्चीत बसवते.

खुर्चीवर बसून जेवलो त्याच्या पुढच्या आठवड्यात मी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मुलाने नाव काढून ठेवलं होतं सहा महिन्यांपूर्वी. तिशीतली मुलगी. मी एक्स-रेचं पाकीट पुढे केलं, तर तिने ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "काका, हा गुडघा साथ द्यायला लागला, तर पहिलं काय कराल?"

आजवर मला सगळ्यांनी कुठे दुखतं ते विचारलं होतं. मी जरा वेळ गप्प राहिलो आणि म्हणालो, "आमटी वाढीन."

तिला काही कळेना. मी उत्सवाचं सांगितलं. बादली, ओगराळं, एका ओळीत तीस-चाळीस पानं, प्रत्येक पानापाशी वाकायचं. तिने माझ्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं: "पंगतीत आमटी वाढणे, पुढचा माघ." वजन, ग्रेड, औषधं ते सगळं त्याच्या खाली. मग म्हणाली, "करून दाखवा." कोपऱ्यात फरशी पुसायची बादली होती, ती हातात दिली. ओगराळ्याच्या जागी तिच्या टेबलावरची मोजपट्टी. मी दोन पावलं टाकून वाकलो, सरळ झालो, पुन्हा वाकलो. तिने तिसऱ्या पानाला थांबवलं. "काका, तुम्ही गुडघा वाकवतच नाही. सगळं कंबरेतून करता. आणि उजव्या पायावर भार येतो तेव्हा श्वास धरता."

हे मला छत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही पडली नव्हती.

मग तिने मला बसवून पाकिटातला एक्स-रे बाहेर काढला आणि तो "झीज" शब्द माझ्या डोक्यातून काढायला अर्धा तास दिला. त्या अर्ध्या तासाचं मोल मी पैशात करू शकत नाही. ती म्हणाली, चपलेचा तळ मेलेला असतो, झिजला की झिजला. गुडघा जिवंत आहे. आतल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. तिला जे काही पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर व्हायचा तर सांध्यावर भार पडायला हवा आणि उतरायला हवा. ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर, सोडला की आत, तसं. मी चार वर्षं जपून ठेवला म्हणजे उपाशी ठेवला. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू बसून बसून इतका खंगला होता की पावलाचा धक्का तो झेलतच नव्हता, सगळा सांध्यावर जात होता. तिने टेपने दोन्ही मांड्या मोजून दाखवल्या. उजवी दोन सेंटिमीटरने बारीक निघाली.

"आणि फट कमी दिसते म्हणून तितकंच दुखलं पाहिजे असं नसतं," ती म्हणाली. एक्स-रे वाईट आणि माणूस चालता-फिरता, किंवा एक्स-रे बरा आणि माणूस बेजार, दोन्ही सर्रास आढळतं. गेलेली कूर्चा व्यायामाने परत येणार नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं, आणि म्हणूनच मी तिच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवला.

त्या दिवशी तिने घड्याळ लावून एक चाचणी घेतली. हात छातीशी बांधून, रेटा न देता, तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं. माझ्या वयाच्या पुरुषाला निदान बारा वेळा जमायला हवं. माझे सात झाले, आणि सातव्याला पाय थरथरत होते.

व्यायाम साधे होते. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबायचा आणि पाचपर्यंत मोजायचं. उताणं झोपून पाय सरळ वर. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. खुर्चीतून उठायचं, बसायचं, पण धपकन नाही, बसताना तीन मोजत. आणि आठवड्यातून तीन दिवस वाढायचा सराव. हा शेवटचा घरी कसा व्हायचा तो सांगतो. ही पडवीत दहा वाट्या ओळीने मांडायची. मी बादलीत दोन लिटर पाणी घेऊन, ओगराळ्याने एकेक वाटी भरत जायचो. पाऊल पुढे, गुडघा वाकवून खाली, वाटी, वर. ही दारात उभी राहून बघायची. "चौथीत सांडलं." "सातवीला परत कंबरेतून वाकलात." पहिल्या दिवशी सहाव्या वाटीला मी थांबलो. महिन्याभराने दहाही भरल्या आणि बादलीत तीन लिटर झाले.

चालण्याचं मात्र अडलं होतं. मुलाने मनगटाला बांधायचं घड्याळ पाठवलं होतं. ते रोज संध्याकाळी दाखवायचं, दहा हजारांपैकी अकराशे. रोज नापास. मी ते काढून ठेवलं, हे फिजिओला भीत भीत सांगितलं तर ती म्हणाली, बरं केलंत. दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ "दहा हजार पावलांचं मोजयंत्र" होता, तिथून तो जगभर पसरला. "तुम्हाला मोजायला दुसरं काही सुचतं का?"

मला घरं सुचली. बटवड्याला निघालेला पोस्टमन पावलं मोजत नाही, घरं मोजतो. मी ठरवलं, सकाळी साडेसहाला निघायचं, माझ्या जुन्या बिटाच्या पहिल्या घरापासून सुरू करायचं आणि पाचव्या घरावरून परत फिरायचं. तीन दिवस गुडघा नीट राहिला तर दोन घरं वाढवायची.

ज्या माणसांच्या नजरेला मी चार वर्षं चुकवत होतो, त्यांच्याच दारावरून जायचं होतं. पहिल्या सकाळी हातात काठी होती. पहिल्याच ओट्यावर एक आजी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांची पेन्शनची मनीऑर्डर मी वर्षानुवर्षं त्यांच्या हातात मोजून दिलेली. त्यांनी वर पाहिलं. "अगो बाई, पोस्टमनभाऊ! किती दिवसांनी. मला वाटलं तुम्ही पुण्याला लेकाकडे गेलात राहायला." पायाचं त्यांनी विचारलंच नाही. काठी बघितली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे आहे त्याहून बरी दिसते. कुठून घेतलीत?" मग पायरीवर बसवून चहा दिला. मी चार वर्षं ज्याला भीत होतो ते एवढंच होतं.

पंधरा दिवसांत मी अकराव्या घरावर पोचलो. एखाद्या दिवशी गेलो नाही की दुसऱ्या दिवशी विचारणा व्हायची. "काल टपाल नाही आलं?" हे वाक्य ऐकायला मी अंथरुणातून उठायचो, हे मी मनापासून सांगतो. डॉक्टरचा कागद कपाटात राहतो, माणूस ओट्यावर बसून वाट बघतो.

मग मी चूक केली, आणि ती सांगितली पाहिजे. दीड महिना झाला होता, गुडघा हलका वाटत होता, चैत्रातली छान सकाळ होती. बिट संपलं आणि पाय मेणवलीच्या रस्त्याला लागले. वाईपासून तीन किलोमीटर. घाटावर जाऊन बसलो. तिथल्या छोट्या देवळात ती मोठी घंटा टांगलेली आहे, वसईच्या लढाईनंतर पोर्तुगीजांकडून आणलेली. तिच्यापाशी उभं राहून मला वाटलं, झालं, मी बरा झालो. आणि चालतच परत आलो.

दुपारी गुडघा सुजला. रात्री पाय कुठे ठेवावा कळेना. चौथ्या दिवशीसुद्धा जिना उतरता येत नव्हता. मनात तोच जुना आवाज सुरू झाला, बघ, झीज आहे म्हणत होते ना. सगळं बंद केलं. टॉवेल नाही, वाट्या नाहीत, आठ दिवस. मला वाटतं, बहुतेक माणसं इथेच कायमची थांबतात. सुरुवात करणारे पुष्कळ असतात. पहिल्या मोठ्या कळेपाशी त्यांना कुणी धरायला नसतं.

मला धरलं ते हिने. हिने आपणहून फिजिओला फोन लावून मोबाइल माझ्या कानाला लावला. तिकडून ओरडा नाही, सहानुभूतीही नाही. सरळ विचारलं, "किती घरं चालत होतात? एकवीस? आणि त्या दिवशी किती झालं, घरांच्या हिशेबात?" मी म्हटलं, शंभराच्या वर. "मग गुडघा तुटला नाहीये, रागावलाय." तिने नियम सांगितला, तो आजही आमच्या भिंतीवर कागदावर आहे. चालताना दहापैकी चारपर्यंत दुखलं तर चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही तर काल जास्त झालं, आज निम्मं करायचं. बंद करायचं नाही, निम्मं. पुढच्या सकाळी मी पाच घरांपासून पुन्हा सुरू केलं. यानंतर कळ आली की मी घाबरत नाही, घरं कमी करतो.

हिचं थोडं सांगायला हवं. चार वर्षं घरात एकाच गुडघ्याची चर्चा होती, माझ्या. हिचे दोन्ही गुडघे दुखतात हे मला तेव्हा कळलं जेव्हा फिजिओने तिला सहज विचारलं, "काकू, तुमचं काय?" ही म्हणाली, "दुखतात की. पण मला दिवसभर घरात व्यायामच असतो." जगात या दुखण्याच्या रुग्णांत साठ टक्के बायका आहेत, फिजिओ सांगत होती, आणि तिच्याकडे येतात मात्र त्या फार उशिरा, नवऱ्याला घेऊन. घरकामाने शरीर दमतं, पण मांडीचा स्नायू त्याने मुद्दाम बळकट होत नाही, तेच तेच काम त्याच त्याच बाजूने होत राहतं. हिला तिने माझ्याबरोबरच टॉवेल दाबायला लावला. "तुम्हाला काय करायचंय?" म्हणून विचारलं, तर ही म्हणाली, "मला? मला काही नाही. ह्यांचं होऊ दे." तो रकाना रिकामा राहिला.

पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या, शेवाळं धरलं, आणि बाहेरचं चालणं जवळजवळ थांबलं. तेव्हा पडवीच जास्त झाली. दसऱ्यापर्यंत बादलीत पाच लिटर पाणी होतं. तीस सेकंदांची चाचणी तेरावर गेली. वजन ७७ वर आलं, आणि त्याचा फरक फिजिओने समजावला तेव्हा मी बोटं मोजत बसलो: एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो. म्हणजे पाच किलोचे वीस, आणि तेही दर पावलाला. पोस्टमनच्या पिशवीच्या भाषेत मला ते लगेच कळलं. वीस किलोची पिशवी खांद्यावरून उतरवल्यावर कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.

दिवाळीनंतर काठी कोपऱ्यात राहायला लागली. मांडी मात्र जमली नाही. उजवा गुडघा पूर्ण मिटत नाही आणि मिटणारही नाही, असं फिजिओने सांगितलं. त्याचं दुःख आहे, ते लपवत नाही. पाटाखाली उशी ठेवून, पाय पुढे सोडून, देवापुढे बसतो.

२०२५ चा माघ आला. प्रसादाच्या दिवशी मी सकाळीच घाटावर गेलो आणि आचाऱ्याला म्हटलं, "आमटीची एक बादली मला. अर्धी भर." तो खुर्चीवाला मुलगा तिथेच होता. तो म्हणाला, "काका, नको, मी आहे ना." मी म्हटलं, "तू भात घे, मी मागून येतो." अर्धी बादली म्हणजे पाच किलोच्या आत. ओळीत अडतीस पानं होती. मी मोजली, सवयीने. पाऊल पुढे, गुडघा वाकवून, भाताच्या मधोमध खळगा केलेला, त्यात ओगराळं, वर. पंधराव्या पानाला श्वास धरला होता ते लक्षात आलं, सोडला. एका लहान मुलीने भातावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "थोडीच." अठ्ठाविसाव्याला गुडघा दहापैकी तीन झाला. ओळ संपवली. दुसरी ओळ वाढली नाही, बादली मुलाच्या हातात दिली आणि घाटाच्या पायरीवर बसलो. खुर्ची कुणी आणली नाही. गरम आमटीचा वास हाताला होता.

यापुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं. उत्सव झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठावंसं वाटेना. कागदावर सगळ्यात वर जे लिहिलं होतं ते झालं होतं. आठवडाभर मी अंथरुणातच लोळत होतो आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं. ज्या ओढीने माणूस खुर्चीतून उठतो, ती तिचं काम झालं की सरते, असं मला तेव्हा कळलं. पुढच्या माघापर्यंत ती ताणून धरता येत नाही.

आठव्या दिवशी पावणेसातला दाराची कडी वाजली. मनीऑर्डरवाल्या आजींचा थोरला मुलगा, स्वतः साठीचा. म्हणाला, "आई विचारतेय पोस्टमन आजारी आहेत का. आणि मलाही चालायचंय तुमच्याबरोबर. एकट्याने होत नाही." त्याला बाहेर उभं करून मी आत पायजमा बदलायला गेलो.

आता आम्ही सहा जण आहोत. साडेसहाला निघतो, घरं मोजतो, शेवटी एका देवळाच्या मंडपात खांबाला धरून टाचा उचलतो, पायरीवर चढ-उतार करतो. जो नवा येतो त्याला आधी मी फिजिओकडे तपासून घ्यायला लावतो, कारण प्रत्येकाचा गुडघा वेगळा आणि सूज, ताप, अचानक पाय अडकणं असलं काही असेल तर ते आमच्या हातचं नाही. मग मी त्याला तोच प्रश्न विचारतो आणि वहीत लिहून घेतो. माझ्या जुन्या डिलिव्हरीच्या यादीसारखी ओळ आखलेली वही आहे. एकाला एसटीची पहिली पायरी कुणाचा हात न धरता चढायची आहे. ती पायरी किती उंच असते हे गुडघे दुखणाऱ्यालाच माहीत. एकीला पूजा आटोपल्यावर जमिनीवरून एकटीने उठायचं आहे, सून कामावर गेलेली असते आणि ती ताटकळत बसते. आजींच्या मुलाला आईला उचलून गच्चीवर उन्हात न्यायचं आहे. "तब्येत चांगली राहावी" असं एकाने सांगितलं होतं. तो दोन आठवड्यांत यायचा थांबला. मी त्याच्याकडे जाऊन पुन्हा विचारणार आहे, बहुधा मी घाईत विचारलं असेन.

हिचा रकाना दीड वर्ष रिकामा होता. गेल्या महिन्यात वह्या आवरताना मला तिथे पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, हिचं अक्षर. "मांढरदेवीच्या पायऱ्या." हिचं माहेर त्याच बाजूचं. लग्नाआधी दर पौषात काळूबाईला जायची, नंतर मुलगा, सासूचं आजारपण, मग गुडघे. मला इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "त्या पोरीने विचारलं तेव्हा काही सुचलंच नव्हतं. मला असं कुणी विचारत नाही."

शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेला गर्दी उसळते, तेव्हा नाही जायचं. गर्दी ओसरली की जायचं, मधल्या वारी, सकाळी लवकर. सध्या ही घाटाच्या पायऱ्या कठड्याला धरून दोनदा उतरते-चढते. उतरताना डावा गुडघा जास्त बोलतो, दहापैकी पाच, म्हणून या आठवड्यात एकदाच ठेवलंय. मी वरच्या पायरीवर उभा राहून मोजतो.